मानेचं माप

बाबा,

तुमची कातडं कापायची रापी पेटीतून काढली तेव्हा माझी मान आपोआप मागे वळली. दारात तुम्ही उभे आहात की काय ते पाहायला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, दवाखान्याच्या वॉर्डात नव्या आलेल्या पोरी माझा आवाज ऐकला की हातातलं काम टाकून धावत येतात. आणि घरी मात्र मी एका गंजलेल्या पात्याला हात लावताना चोरासारखी इकडेतिकडे बघते. तुमचा धाक काही अंगातून गेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण काढली रापी. घासली, तेल लावलं, धार केली, आरीला नवी मूठ बसवून घेतली. मी कातडं शिवायला शिकते आहे, बाबा. या वयात, चष्मा लावून, यवतमाळच्या माझ्या घराच्या मागच्या ओट्यावर पोतं अंथरून. बोरी अरबच्या बाजारात तुम्ही बसायचे तशीच, एक पाय पोटाशी घेऊन. गुडघा दुखतो, पण दुसऱ्या कोणत्या बैठकीत हात चालत नाही.

का, ते सांगते. तुम्हाला एक नात आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटातही नव्हती. नाक तुमचं घेतलंय तिनं, आणि हट्टही तुमचाच. शिकली, पहाटे मैदानावर धावून धावून पाय घट्ट केले, परीक्षा दिली आणि वनरक्षक झाली. खाकी कपडे घालून पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी सगळ्या आळीत पेढे वाटले, खोटं कशाला सांगू. नेमणूक कुठे होईल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं. झाली राळेगावकडे. तिकडे कापसाच्या पऱ्हाटीचं शेत संपलं की जंगल लागतं. शेत कुठे संपलं हे माणसाला कळतं, वाघाला कळत नाही. तिचं काम म्हणजे त्या जंगलातून पायी फिरायचं, हातात काठी, सोबत एखादा वनमजूर. कधी तोही नसतो. वाघाच्या पायाचे ठसे दिसले की खाली बसायचं, वाकायचं आणि त्यांचं माप घ्यायचं. हे तिनं मला पहिल्या सुट्टीत जेवताना सांगितलं, भाकरी कुस्करता कुस्करता, आणि माझा घास तोंडात तसाच राहिला.

मी भित्री नाही असं माझं मत होतं. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला भिऊन चालत नाही. रक्त पाहिलं, जळालेली माणसं पाहिली, विष प्यालेली पाहिली. पण काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक बाई आणली होती, कापूस वेचताना वाघानं धरलेली. वेचणारी बाई वाकलेली असते, तिची उंची जनावराएवढीच दिसते, आणि वाघ मागून येतो. तिच्या मानेवर मी कापसाचा बोळा दाबून धरला होता. कमरेला बांधलेली तिची वेचणीची ओटी अजून भरलेलीच होती, ती सोडायला कोणाला वेळच झाला नव्हता. ती वाचली नाही. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तेव्हा ती कोणाची तरी मुलगी होती. आता पोरगी जंगलात गेल्यापासून मला रोज ती मान दिसते, आणि त्या मानेवर माझ्या पोरीचा तीळ दिसतो. आंघोळ घालताना मी ज्याच्यावर बोट ठेवून ‘हे काय, हे काय’ म्हणायचे तो तीळ.

तेव्हा मला तुमचे कुत्र्याचे पट्टे आठवले. मेंढरं घेऊन येणारे लोक बाजारात तुमच्याकडे थांबायचे. बिबट्या कुत्र्याला मानेला धरतो, म्हणून रुंद पट्टा, त्याला बाहेरच्या अंगानं खिळे. तुम्ही तो स्वतःच्या मनगटाला गुंडाळून दातांनी चावून पाहायचे आणि ते लोक हसायचे. मी ठरवलं, पोरीसाठी तसा पट्टा करायचा. खिळे नकोत, पण दुहेरी कातड्याचा, हनुवटीखालून मानेच्या कण्यापर्यंत पुरा झाकेल असा. विकत असला पट्टा कुठे मिळतो? आणि मिळाला तरी दुसऱ्याच्या टाक्यावर मी माझ्या लेकीचा जीव कसा ठेवणार?

आता तुम्ही विचाराल, की रापीला हात लावायची परवानगी कोणी दिली. ते मला अजून आठवतं. मी पाटीपेन्सिलच्या वयाची. तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि मी तुमच्या जागेवर बसून कातड्याचा एक तुकडा कापत होते, जीभ दातात धरून, अगदी तुमच्यासारखी. छान कापला गेला होता. मी तो तुम्हाला दाखवायला वर धरला आणि तुमची चापट माझ्या हातावर बसली. “या हातात पुन्हा हे दिसलं तं हात तोडून टाकीन!” असं ओरडलात, की शेजारचा हरभरे फुटाणेवाला उभा राहिला. आई म्हणाली, “लेकरू हाये, कायले मारता?” मला वाटलं, धार लागेल म्हणून रागावले. पण धार लागायचीच भीती असती तर तुम्ही माझं बोट पाहिलं असतं. ते तुम्ही पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलं ते बाजारातल्या लोकांकडे, कोणी बघितलं का, पोरगीही याच कामाला बसली असं कोणी म्हणालं का. तुम्हाला लोक कोणत्या नावानं हाक मारायचे ते मी ऐकत होते. ते नाव माझ्या हाताला चिकटू नये म्हणून ती चापट होती, हे कळायला मला फार उशीर लागला. तोवर मी तुम्हाला घाबरून घेतलं होतं, ते घेतलंच.

त्यामुळे तुमच्याजवळ राहूनही मी काहीच शिकले नव्हते. फोनवर व्हिडिओतून हिंदीत शिकवणारा एक मुलगा सापडला. हातमोजे घालतो आणि प्रत्येक वाक्याला “बहुत ही आसान है” म्हणतो. त्याचं ऐकून बाजारातून मऊ, गुळगुळीत कातडं आणलं. हाताला इतकं छान लागत होतं की मला वाटलं, पोरीला टोचणार नाही. पोटाकडचं कातडं होतं ते. पट्टा शिवून झाला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला तर लांबतच गेला, ओल्या धोतरासारखा. तुम्ही बैलाच्या पट्ट्याला नेहमी पाठीचं कातडं घ्यायचे, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तरी पोटाचं द्यायचे नाहीत, हे मला तेव्हा आठवलं. आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्ही असेच येता, काम बिघडल्यावर.

दुसऱ्या वेळी पाठीचं घेतलं, जाड, म्हशीचं. टाके मजबूत व्हावेत म्हणून जवळजवळ घातले, भोकाला भोक लागून. जितके जास्त टाके तितका पक्का, हा दवाखान्यातला हिशेब. ओढून पाहिला तर टाक्यांच्या रांगेवरच टरकला. मी तिथेच ओट्यावर बसून राहिले. जिवंत कातडीला टोचलं तर ती भरून येते, बाबा. रोज पाहते मी. माणसाचं शरीर चुकीचा टाकासुद्धा सांभाळून घेतं, वेळ देतं. हे कातडं मात्र काहीच विसरत नाही. त्यात पाडलेलं भोक कायमचं, आणि भीतीनं पाडलेली जास्तीची भोकं त्याला आतून कापत जातात. त्यानंतर मी पट्ट्याला आकार यावा म्हणून तो भिजवून कळशीच्या गळ्याला गुंडाळला आणि लवकर वाळावा म्हणून उन्हात ठेवला. आपलं यवतमाळचं ऊन! पट्टा पापडासारखा कडक झाला आणि वाकवायला गेले तर तडकला. पोरीचे बाबा एसटीत कंडक्टर आहेत, ड्युटीवरून आले आणि ओट्यावरचा पसारा बघून म्हणाले, “पोळा तं झाला ना वं. आता कोन्या बैलाले सजवून राह्यली?” मी त्यांच्यावर इतकी ओरडले की ते चहा न घेताच आत गेले. नंतर स्वतःच चहा करून घेऊन आले आणि माझ्याजवळ कप ठेवून, तडकलेला पट्टा हातात घेऊन बराच वेळ बसले. त्यांनाही भीती वाटते. ते ती विनोदात गुंडाळतात, मी ओरडण्यात.

शेवटी एक बरा झाला. सावलीत वाळवलेला, टाके बेताचे, दोरा मेण लावून ओढलेला, कडा काचेच्या बाटलीनं घासून गुळगुळीत केलेल्या. दिवाळीला पोरगी आली तेव्हा तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि पोट धरून हसली. “आई व, मले काय मेंढरामागचं कुत्रं समजून राह्यली काय तू?”

“घालून तं पाय,” मी म्हटलं.

“सायब पाह्यतील तं काय म्हनतील?”

“सायबाची मान हाये का तुह्यी?”

घातला तिनं. आरशात पाहिलं, मान ताठ, सैनिकासारखी. म्हणाली, “मस्त बसला व.” आणि बूट घालायला खाली वाकली. वाकल्याबरोबर पट्ट्याची वरची कड तिच्या गळ्यात रुतली. ती खोकली, डोळ्यांत पाणी आलं, तिनं घाईनं बक्कल ओढून पट्टा काढला आणि गळा चोळत हसायचा प्रयत्न केला. “आई, वाघाचं काम तूच करशीन!” ती चेष्टा करत होती, पण मी पट्टा तिच्या हातातून काढून घेतला. मी माप घेतलं होतं ती उभी असताना, हनुवटी वर करून. आणि वाघ येतो तो वाकलेल्या माणसावर. ठसा मोजायला ती खाली बसणार, हा पट्टा तिला रुतणार, ती तो काढून बाजूला ठेवणार, आणि तेव्हाच… इथे माझा विचार थांबतो, बाबा. त्यापुढे मी त्याला जाऊ देत नाही, पण तो उंबऱ्यावर बसूनच असतो.

त्या दिवशी मला पोळ्याआधीचा आठवडा आठवला. घरोघरचे बैल धुतले जातायत, आणि तुम्ही घुंगरांच्या पट्ट्यांसाठी मापं घेत फिरताय. मी दोरी धरायला सोबत. एका पाटलानं बैलाची वेसण वर खेचून त्याची मान ताठ केली, रुबाबात, आणि म्हणाला, “घे माप.” तुम्ही दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि म्हणालात, “पानी पाजा आधी.” तो चिडला. तुम्ही उभेच. शेवटी बैल हौदावर नेला. त्यानं मान खाली घातली, पाणी ओढायला लागला, तेव्हा तुम्ही हळूच त्याच्या गळ्याखालून दोरी घातली. घोट जाताना गळा फुगतो तिथे बोट ठेवून पाहिलंत. परत येताना मी विचारलं, “काहून बाबा?” तुम्ही म्हणालात, “सजवाले एक दिस लागते. पानी तं रोज पेते ना तो.” एवढंच. तुम्ही लांबण लावत नव्हता कधी. हे आठवलं तशी मी पोरीला मागच्या अंगणात नेलं आणि म्हटलं, “वाक. ठसा पाहून राह्यली असं समज.” ती कुरकुरत वाकली. मी तुमच्यासारखीच गळ्याखालून दोरी घातली आणि म्हटलं, “आता थुंकी गीळ.” तिचा घोट माझ्या बोटाखालून गेला. मागे, केसांखाली, तो तीळ. मी माप घेतलं, पण दोरीवर गाठ मारायला मला वेळ लागला, कारण मला नीट दिसत नव्हतं.

या मापाचा पट्टा मी लवकर करायला हवा होता. केला नाही. पोरगी परत ड्युटीवर गेली आणि मी तो अर्धा शिवून ठेवून दिला. फोन आला की ती विचारायची, “झाला का व माहा पट्टा?” मी म्हणायचे, “कातडं वाळून राह्यलं अजून.” कातडं केव्हाच वाळलं होतं. मला वाटायचं, पट्टा पुरा झाला म्हणजे मीच तिला म्हणाले, जा, आता तुझी तयारी झाली. अर्धा आहे तोवर तिला तो न्यायला घरी यायचं आहे. मूर्खपणा होता, कळत होतं. पट्ट्याशिवाय ती रोज जंगलात जातच होती, आणि तरी माझा हात चालत नव्हता.

आणि मग चपला आठवल्या. मी नर्सिंगला यवतमाळला यायची होते तेव्हा तुम्ही म्हणालात, नवीन चपला करून देतो. सकाळी बसून दुपारपर्यंत जोडी उतरवणारा माणूस, पण माझ्या चपला काही होईनात. “तळवा भिजत हाये,” “वादी वाळली नाई,” “उद्या देतो.” मी चिडले, बाबा मुद्दाम करतात अशी आईकडे तक्रार केली. एसटीची वेळ झाली तेव्हा कुठे त्या माझ्या पायात आल्या, तेल लावून मऊ केलेल्या, कुठेच न चावणाऱ्या. स्टँडवर तुम्ही म्हणालात, “शिकाले चालली. रडत वापस आली तं घरात घेनार नाई.” बस सुटेपर्यंत तुम्ही माझ्या तोंडाकडे नाही, पायाकडेच बघत होता. मी तुमच्या त्या वाक्याला किती घाबरले, तुम्हाला कल्पना नसेल. कारण पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर एक म्हातारी गेली, तिचा हात माझ्या हातात होता, आणि मला तिथून पळून यायचं होतं. पण रडत यायची सोय नव्हती. म्हणून मी ड्रेसिंगच्या कात्रीनं डाव्या चपलेच्या अंगठ्याचा टाका कापला आणि रविवारी घरी आले. टाका सुटला, म्हटलं. तुम्ही चप्पल उजेडाकडे धरलीत. बराच वेळ धरलीत. मग म्हणालात, “दोरा कच्चा निंघाला.” तुम्ही, ज्यानं उभ्या जन्मात कोणा गिऱ्हाइकासमोर आपला दोरा कच्चा म्हटला नाही. नवीन टाका घातलात, आईनं पिठलं केलं, संध्याकाळच्या बसनं मी परत गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा कापला. तेव्हाही दोराच कच्चा निघाला.

हे आठवलं आणि मी त्याच दिवशी पट्टा शिवायला बसले. एक विचार मनात येऊन गेला, की शेवटचा टाका सैल ठेवावा, म्हणजे तो घालून घ्यायला तरी पोरगी येईल. पण चपलेचा टाका सुटला तर मुलगी घरी येते. मानेच्या पट्ट्याचा सुटला तर? मी गाठीवर गाठ मारली, हातोडीनं ठोकून बसवली, दोन्ही पायांखाली पट्टा दाबून सगळ्या अंगानं ओढला. हलला नाही. पोरीचे बाबा राळेगावच्या गाडीवर होते, त्यांच्या हाती पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला, “वाकून पाह्यलं, आई. चावत नाई.” मी म्हटलं, घालत जा. ती म्हणाली, घालते. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. तिचा फोन लागत नाही, जंगलात रेंज नाही. मी डबा भरते, ड्युटी करते, सलाईन लावते आणि कानाचा एक भाग सतत फोनकडे. वॉर्डाबाहेर गाडी जोरात येऊन थांबली की मी आधी स्ट्रेचरवरच्या कपड्यांचा रंग पाहते. खाकी नसला की देवाचे आभार मानते, आणि मग तिथे कोणीतरी दुसरं आहे याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तिच्या भागात वाघानं गाय मारली. हे मला तिनं नाही सांगितलं, तिच्या बाबांना बसमधल्या लोकांकडून कळलं. आणि त्यानंतर तिचा फोन, अगदी हसत, “आई, तुह्या पट्ट्याचा टाका सुटला व. रविवारी येतो शिवाले.” कोणता टाका, कुठला, केव्हा सुटला, मी गाठ कशी मारली होती, मेण कमी पडलं का. रविवार येईपर्यंत मी माझ्या हातांना शिव्या घातल्या. तो सुटला तेव्हा ती वाकली असती तर, हाच एक विचार.

ती आली. पाय धुतले, तिच्या बाबांची चेष्टा केली, मांजराला उचललं, सगळं नेहमीसारखं. पट्टा माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहू लागली. मी ओट्यावर येऊन तो उजेडाकडे धरला. झिजून तुटलेला दोरा पिंजतो, बाबा, त्याला कापसासारखी लव येते, आणि भोक ओढून लांब होतं. हे भोक गोल होतं, मी पाडलं तसं. दोऱ्याचं टोक नीट, तिरकं. गाठीच्या जवळ, एका बाजूनं कापलेलं. जखमेचे टाके काढताना मी रोज असंच कापते. लहानपणी माझ्यामागे दवाखान्यात येऊन ती ते टक लावून बघायची. तुमच्या चपलांची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. तिलाच काय, कोणालाच नाही.

मी वर बघितलं. ती दारात उभी होती, हातात शेंगदाण्याचा लाडू, आणि खात नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. हसणारी, सायबांशी वाद घालणारी, वाघाच्या ठशाला दोरी लावणारी माझी पोरगी. तिचा खालचा ओठ लहानपणी इंजेक्शन द्यायच्या आधी व्हायचा तसा झाला होता.

“दोरा कच्चा निंघाला,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि लाडू खायला लागली. माझ्याजवळ पोत्यावर येऊन बसली, खांद्याला खांदा लावून, आणि मी शिवत होते तोवर उठली नाही. मी शक्य तितकं हळू शिवलं. मेण दोनदा लावलं. संध्याकाळी तिनं पट्टा पिशवीत घातला आणि तिचे बाबा तिला गाडीवरून स्टँडवर सोडायला गेले. मी दारातून तिचे बूट बघत होते.

हा कागद मी तुमच्या पेटीत, रापीखाली ठेवणार आहे. तुम्हाला तो कुठे पाठवू? एकच सांगायचं राहिलं. भीती वाटते का, हे मी तिला विचारलं नाही. जिभेवर आलं होतं, पण ती हो म्हणाली असती तर मी तिला जाऊ दिलं नसतं. तुम्हीही मला कधी विचारलं नाही, बाबा.